देवतळे डॉक्टरांचा लोकरीचा नकाशा

इंग्लंडमधील रीडिंग गाव आणि आसपासच्या तमाम मराठीजनांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं आणखी एक कॉलेज आपली पिढ्यान्‌पिढ्यांची कॉन्फरन्स सोडून गेलं असून, आमचे शेजारी डॉ. पद्माकर देवतळे यांनी आज सकाळचे पोहे न खाता परत पाठवले आहेत.

बातमी पक्की आहे. डॉक्टरांच्या पत्नी अलकावहिनी यांनी स्वतः कुंपणावरून पोह्यांची बशी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "घे शुभा, तूच खा. आमच्याकडे सुतक आहे."

"कोण गेलं?"

"नाव मला विचारू नकोस. निळ्या लोकरीतलं कोणीतरी हिरव्या लोकरीत गेलं, एवढं कळलंय. आणि हिरवी लोकर मी स्वेटरला घेतली होती."

ज्यांना हे सुतक कळलं नाही त्यांच्यासाठी खुलासा करते. अमेरिकेत कॉलेजांचं फुटबॉल हे मोठं प्रकरण आहे. हे फुटबॉल आपलं नव्हे. हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर धावून जातात, ते. ही कॉलेजं गट करून राहतात. गटाला कॉन्फरन्स म्हणतात, आणि गटातली कॉलेजं दरवर्षी एकमेकांशी खेळतात. पूर्वी गट शेजाऱ्या-शेजाऱ्यांचे असत. पोरं बसने जात, हरून किंवा जिंकून जेवायला घरी येत, आणि दोन गावांचं भांडण पुढच्या वर्षापर्यंत ताजं राही. मग टीव्हीवाले आले. ज्या गटाचा टीव्हीशी करार मोठा, त्या गटात कॉलेजं जुनं घर सोडून जाऊ लागली. आज अशी परिस्थिती आहे की एका गटाच्या नावात पूर्वेचा समुद्र आहे आणि त्यातली काही कॉलेजं पश्चिमेच्या समुद्राकाठी आहेत. या उलथापालथीला तिकडे रीअलाइनमेंट म्हणतात. डॉक्टर तिला "वाटणी" म्हणतात, आणि तो शब्द उच्चारताना त्यांचा चेहरा असा होतो की समोरच्याने सांत्वन करावं.

गंमत म्हणजे डॉक्टरांनी या खेळाचा एकही सामना पुरता पाहिलेला नाही. कोण जिंकलं म्हणून विचारलं की वैतागतात. "कोणी ना कोणी जिंकतेच नं, बाप्पा. तू हे विचार, की कोणाचं कोणाशी खेळणं बंद झालं."

त्यांच्या कन्झर्व्हेटरीत, म्हणजे घरामागच्या काचेच्या खोलीत, जिथे इतर लोक वेताच्या खुर्च्या आणि टोमॅटोची रोपं ठेवतात, तिथे भिंतभर अमेरिकेचा नकाशा आहे. प्रत्येक कॉलेजाच्या जागी टाचणी, आणि एका गटातल्या टाचण्या एकाच रंगाच्या लोकरीने जोडलेल्या. पूर्वी तो नकाशा सुबक रांगोळीसारखा दिसे, असं अलकावहिनी सांगतात. आता मांजराने डाव साधल्यासारखा दिसतो. ज्या दोन कॉलेजांचा जुना वार्षिक सामना वाटणीत बंद पडला, त्यांच्या मधली लोकर डॉक्टर कात्रीने कापतात, पण काढत नाहीत. दोन्ही टोकं टाचण्यांवरून तशीच लोंबत ठेवतात. मी एकदा नीटनेटकेपणाच्या भरात दोन टोकं उचलून कचऱ्यात टाकली, तर डॉक्टरांनी रिसायकलिंगचा डबा अंगणात उलटा केला होता.

कुठलाही विषय निघो, डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला: "नकाशा पाह्यला का?" कोणाच्या मुलीचं लग्न ठरलं, "मुलगा कुठला? नकाशा पाह्यला का?" कोणी बेसिंगस्टोकला मोठं घर घेतलं, "शेजारी कोण? नकाशा पाह्यला का?" आणि दुसरं पालुपद, हे जरा हळू आवाजात: "शेजार सोडून कोणी मोठं होते का?"

हे वेड त्यांना तरुणपणी लागलं. नोकरीच्या सुरुवातीला ते वर्षभर अमेरिकेत शिकायला गेले होते, एका लहानशा कॉलेजगावात, एका म्हाताऱ्या घरमालकाकडे. त्या कॉलेजाचं शेजारच्या कॉलेजाशी वैर होतं आणि जिंकणाऱ्याला वर्षभर एक जुनी लोखंडी किटली मिळायची. गळकी. त्या किटलीसाठी घरमालक देवाला नवस बोलायचा. पुढे वाटणीत ती दोन कॉलेजं दोन गटांत गेली, सामना बंद झाला. घरमालकाने डॉक्टरांना पत्र लिहून कळवलं होतं की किटली आमच्याकडेच राहिली, पण आता तिच्याकडे कोणी बघत नाही. ते पत्र नकाशाच्या कोपऱ्यात टाचलेलं आहे.

डॉक्टर पेशाने भूलतज्ज्ञ, गेल्याच वर्षी रिटायर झाले. त्यांच्या बोलण्याने माणसं झोपतात आणि त्याचा त्यांना पगारही मिळतो, असा विनोद आमच्या मंडळात वर्षानुवर्षं चालायचा. माझ्या पित्ताशयाच्या ऑपरेशनला तेच होते. मी फार घाबरले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "शुभा, उलटे आकडे नको मोजू. मी सांगतो तिकडे लक्ष दे. एका कॉन्फरन्सच्या नावात आकडा आहे दहाचा, अन्‌ कॉलेजं आहेत त्याहून जास्त. काऊन?" मी म्हटलं, "का?" आणि तिथेच माझी शुद्ध गेली. डोळे उघडले तेव्हा पोट शिवलेलं होतं, डॉक्टर खाटेशी उभे होते आणि म्हणत होते, "तर त्याचं कारण असं आहे..."

नंतर नर्सने मला सांगितलं की त्यांची ड्यूटी केव्हाच संपली होती. घाबरलेल्या पेशंटला जाग येईपर्यंत ते घरी जातच नाहीत. सुरू केलेलं वाक्य पुरं करायला थांबतात, असं ते स्वतः म्हणायचे. अशा माणसाला वेडा म्हणायची माझी तरी हिंमत नाही. म्हणते, पण लाडाने.

आता या शांत माणसाचा एकच शत्रू. कार्डिफचे डॉ. नारायण भोयर.

दरवर्षी ऑगस्टच्या बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीच्या सोमवारी, आमचं रीडिंगचं मंडळ आणि कार्डिफचं मंडळ यांची रस्सीखेच होते. एक वर्ष इकडे, एक वर्ष तिकडे. करंडक म्हणजे एक पोचे पडलेला पितळी गंज. नागपूरकडे पातेल्याला गंज म्हणतात. दोराच्या एका टोकाला आमचे देवतळे, दुसऱ्या टोकाला भोयर, दोघंही कमरेला दोर गुंडाळून, दोघांचीही पोटं नियमात न बसणारी. पंच मी, कारण मंडळाची चिटणीस मी आणि ओरडायचा आवाजही माझाच.

हे दोघे एकमेकांशी बोलत नाहीत. दोन हातांच्या अंतरावर उभे राहतात आणि माझ्यामार्फत बोलतात.

"त्या कार्डिफच्या डॉक्टरांना सांग, स्पाइकचे बूट चालत नाहीत."

"त्यांना सांगा, स्पाइक नाहीत, टाच झिजली आहे. आणि त्यांचं पोट गेल्या वर्षीपेक्षा पुढे आलंय, हेही सांगा."

"विचार, गुडघ्याचं ऑपरेशन झालं का म्हणावं. नाही, दोर ओढताना पडले तर नाव आपलं खराब व्हायचं."

"झालं म्हणावं, मार्चमध्ये. आणि त्यांची बीपीची गोळी बदलली का, विचारा. चक्कर आली तर सामना आम्ही सोडणार नाही."

मी शब्दन्‌शब्द पोचवते. शत्रूची इतकी बारीक माहिती ठेवणारे सेनापती मी दुसरे पाहिले नाहीत. सामना संपला की ज्याच्याकडे गंज असतो तो गवतावर ठेवतो, जिंकणारा उचलतो. हातातून हातात देणं नाही. गेली तीन वर्षं गंज कार्डिफला आहे. देवतळ्यांच्या स्वयंपाकघरात केटलच्या शेजारी त्याची गोल जागा रिकामी असते, आणि तिथे अलकावहिनींना साखरेचा डबासुद्धा ठेवायची परवानगी नाही.

भांडण कशावरून, ते मला वहिनींनी एकदा वाटाणे सोलताना सांगितलं. "दोघं नागपूरचे, एकाच वर्गातले. एकत्रच इंग्लंडला आले. हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये एक खोली, एक गंज, त्यात रोज खिचडी. आमच्या लग्नात अंतरपाट नान्याने धरला होता. ठरलं होतं की दोघांनी रीडिंगलाच नोकरी घ्यायची, घरं शेजारी-शेजारी घ्यायची. तुझं घर आहे ना शुभा, ते नान्यासाठी बघितलेलं होतं. आणि नान्याने ऐन वेळी कार्डिफची मोठी पोस्ट घेतली. यांना कळलं तेही तिसऱ्याच माणसाकडून. तेव्हापासून या घरात नान्या हे नाव निघत नाही. कार्डिफचे डॉक्टर म्हणायचं."

"आणि गंज?"

"तो माळ्यावर होता. रस्सीखेच सुरू झाली तेव्हा मंडळाला करंडक हवा होता. मीच काढून दिला." वहिनींनी एक शेंग फोडली. "उगाच माळ्यावर धूळ खात पडला होता."

आणि आता या वर्षीची सभा. आमचा नवा अध्यक्ष केदार, पुण्याचा, हुशार, लॅपटॉपशिवाय जेवतही नाही. त्याने प्रस्ताव आणला की रीडिंग, बेसिंगस्टोक आणि मोटरवेलगतची आणखी चार मंडळं यांनी मिळून एक महासंघ करायचा. एकच मोठा गणपती, एकच हॉल, एकच ढोलपथक आणि ऑगस्टच्या बँक हॉलिडेला महासंघाचा क्रीडामहोत्सव. कार्डिफ पश्चिमेला, नदीवरच्या मोठ्या पुलापलीकडे, लांब, त्यांची माणसं कमी. ते या गटात नाहीत. साहजिकच रस्सीखेच बंद.

समितीत आम्ही सात जण. तीन बाजूने, तीन विरुद्ध, आणि सातवं मत डॉक्टरांचं. मी बाजूने होते, खोटं कशाला सांगू; एका गणपतीत सहा मंडळांची भांडी घासून होत असतील तर मला हवंच होतं. म्हणून केदारला मीच युक्ती सांगितली. "डॉक्टरांचं मत हवं ना? मग आकडे दाखवू नकोस. नकाशा दाखव." वर हेही सांगितलं की कार्डिफचा काटा निघतोय म्हटल्यावर ते आनंदाने हात वर करतील.

ठराव त्या दिवशी मताला पडलाच नाही. मंडळाच्या इतिवृत्तात मी "वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला" असं लिहिलं आहे. वेळ भरपूर होता. खरं काय झालं ते इथे लिहिते.

रविवारची दुपार, शाळेचा भाड्याचा हॉल, बटाटेवडे खाऊन झालेले. मागच्या रांगेत अलकावहिनी विणत बसलेल्या. केदारने पडद्यावर रंगीत नकाशा लावला आणि लाडात म्हणाला, "काका, धिस इज युअर सब्जेक्ट. बेसिकली आपलं रीअलाइनमेंट आहे. आपण मोठ्या कॉन्फरन्समध्ये चाललोय."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. पडद्याजवळ गेले. बेसिंगस्टोकवर बोट ठेवलं, तिथून रीडिंग, तिथून स्विंडन, आणि स्विंडनच्या पुढे नकाशा संपला होता. बोट भिंतीवर गेलं.

"पश्चिमेकडे कागद पुरला नाही का?"

"नाही काका, कार्डिफ आपल्या फुटप्रिंटमध्ये, आपल्या एरियात नाहीये."

"अस्सं."

मग त्यांनी खिशातून घडी केलेले कागद काढले. सभेत कुजबुज झाली, कारण कागद बरेच होते. अमेरिकेतले किती शेजारी या वाटणीने तुटले, त्याची नावनिशीवार यादी असणार हे आम्हाला ठाऊक होतं. काही जणांनी चहाचे कप पुन्हा भरून घेतले. डॉक्टर वाचू लागले. "अध्यक्ष महाराज, माझा एक घरमालक होता. त्याच्या गावात एक किटली होती." एवढं वाचून थांबले. पान उलटलं. परत पहिल्या पानावर आले. भुलीच्या टेबलापाशी ज्यांचं वाक्य कधी अडलं नाही, त्या डॉक्टरांचं वाक्य अडलं. मागच्या रांगेतल्या सुयांची टकटक थांबली होती.

केदारला वाटलं, म्हातारा माणूस आहे, मदत करावी. अगदी प्रेमाने म्हणाला, "काका, तुम्हाला तर रिलीफच आहे ना. दरवर्षी त्या कार्डिफच्या डॉक्टरांशी कटकट. आता त्यांचं तोंडसुद्धा बघायला नको. सुटलात."

डॉक्टरांनी कागद खाली केले. केदारकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पडद्यावर जिथे नकाशा संपला होता तिथे पाहिलं, आणि इतक्या वर्षांत आम्ही कोणी त्यांच्या तोंडून न ऐकलेलं नाव घेऊन मोठ्याने बोलून गेले,

"अरे, मग मी नान्याला भेटू कधी?"