कूलंटचं विरजण

मृत्युंजयने सकाळपासून चौथ्यांदा घड्याळ बघितलं. अकराला काम देणाऱ्या कंपनीच्या सायली मॅडम येणार होत्या आणि त्याच्या लेथमधलं कूलंट, म्हणजे लोखंड कापताना थंड ठेवणारं ते दुधासारखं पाणी, तपासणार होत्या. ते पास झालं तर वर्षभराचं काम. नाहीतर परळीतलं हे वर्कशॉप पुन्हा नांगराचे फाळ दुरुस्त करायला मोकळं.

तयारीत त्यानं कसर ठेवली नव्हती. दर सोमवारी नाक धरायला लावणारं जुनं कूलंट काढून, टाकी घासून नवं भरलं होतं. वडिलांच्या काळापासूनचा कारागीर बद्रीनाथ हात खाजवत बघत होता. ती खाज वर्षानुवर्षं हटत नव्हती आणि तो वांग्याला दोष द्यायचा.

अकराला आलेल्या मॅडमनी टाकीत तपासणीच्या कागदाची पट्टी बुडवली. ती गडद गुलाबी झाली.

"नायट्राइट आहे, फार जास्त. यातून कॅन्सर करणारी रसायनं तयार होतात. नवीन भरलंय म्हणालात ना?"

"आजच भरलंय मॅडम!" मृत्युंजयला दरदरून घाम फुटला. "थर्मलच्या वीजकेंद्राची राख उडून पडली असंल."

"राखेनं पट्टी गुलाबी होत नाही."

मग पळापळ सुरू झाली. ड्रम तपासला, साफ. नळाचं पाणी तपासलं, तेही साफ. टाकी पुन्हा रिकामी केली, घासली, भरली, मॅडमना चहा पाजून आणलं. पट्टी पुन्हा गुलाबी! मृत्युंजयने पाइप बदलला, पंप बदलला; नशीब तेवढं बदलता येईना.

तिसऱ्यांदा टाकी भरून तो मॅडमबरोबर चहाला निघाला, पण जिवाला चैन नव्हती म्हणून दारातूनच माघारी फिरला. बद्रीनाथ कपाटामागून काढलेली कळशी टाकीत ओतायच्या बेतात होता.

"काका! ह्ये काय?"

"विरजण," बद्रीनाथ शांतपणे म्हणाला. "जुन्यातलं थोडं ठिवतो. कोरं पाणी मशीनला मानवत न्हाई मालक. लई वर्सं झाली, दर टायमाला लावतो."

"आवो, ह्याच्यानंच हात खाजतेत तुमचे! वांग्याचा काय दोष न्हाई!"

मागे मॅडम उभ्या होत्या. मृत्युंजयला तोंड कुठं लपवावं कळेना. मॅडमनी एक पट्टी कळशीत बुडवली, ती क्षणात गुलाबी झाली. दुसरी टाकीत बुडवली, ती पांढरीच राहिली. त्यांनी कागदावर सही केली, काकांना हातमोजे द्यायला आणि डॉक्टरला दाखवायला बजावलं. मृत्युंजयचा जीव भांड्यात पडला.

निघताना मात्र त्या घुटमळल्या.

"कळशीतलं बाटलीभर मिळेल? आमच्या ट्रेनिंगला हवंय. असा नमुना कुठंच मिळत नाही."

बद्रीनाथनं मालकाकडं असं बघितलं की मृत्युंजयची मान आपोआप खाली गेली. मग त्यानं बाटली भरली, झाकण घट्ट लावलं, आणि दोन्ही हातांनी मॅडमच्या पुढं धरली.

"एका टाकीला तांब्याभर बास, ताई. आन् सांच्याला आठवणीनं झाकून ठिवा."