टाकीच्या घंटीतला कमी पार्ट

वसंतराव उदगीरकरांच्या घरात शिंकायला बंदी होती. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर त्यांनी भूकंपाची घंटी बनवली होती आणि ती शिंकेलाही वाजायची.

वसंतराव आमचे शेजारी. लातुरातल्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळून निवृत्त झालेले, एकटेच राहणारे. सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी सोल्डरची तार. त्यांची घंटी गल्लीत अकरा जणांनी नेली. आठवड्याच्या आत उसाचा ट्रक गेला आणि भर दुपारी सगळी गल्ली रस्त्यावर! एकजण तर तोंडाला साबण लावलेला. संध्याकाळपर्यंत अकराही घंट्या परत आल्या.

"मशीन हुशार हाय," वसंतराव म्हणाले, "लोकंच घाबरट."

पुढे क्लासेसचं पेव फुटलं. खोलीखोलीत बारावीची पोरं राहायला आली. वसंतरावांनी टाकी भरली की वाजणाऱ्या घंटीचे सुटे भाग डब्यांत भरून विकायला काढले. "रेडीमेड कुणीबी वाजवतंय. सोता जोडा!" सोबत स्वहस्ते लिहिलेला कागद : 'पायरी सहा : ट्रान्झिस्टरचे पाय ओळखा. पायरी सात : हात धुवून जेवून घ्या.'

डबे खपले, पण तक्रारीही आल्या. मी बसलेलो असतानाच धर्माबादची एक मुलगी तणतणत आली. "काका, यात एक पार्टच न्हाई!"

"अरारा! बस, बस. हुडकून देतो." आधी तिच्यापुढं फोडणीच्या चुरमुऱ्यांची, म्हणजे सुशीलाची बशी आली, मग चहा. खाता खाता ती बोलायला लागली. चाचणीत मार्क कमी पडलेले, घरी सांगितलेलं नाही, चार दिवस खोलीतच. वसंतरावांनी फोन पुढं सरकवला. "लाव बापाला. मी हाय इथं." ती रडली, बोलली, शेवटी हसली आणि पार्ट घेऊन गेली.

पण अशाच तक्रारींपायी एका क्लासवाल्यानं शंभर डब्यांची ऑर्डर रद्द केली. मला राहवलं नाही. म्हटलं, उद्यापासून डबे मी तपासतो.

दुसऱ्या दिवशी बघतो तर फळीवर दोन चळती. 'गावातले' आणि 'बाहेरगावचे'. गावातल्या डब्यांत सगळं बरोबर. बाहेरगावच्या प्रत्येक डब्यात एक रेझिस्टर कमी.

"वसंतराव, हे मुद्दाम?"

त्यांनी मान वर केली नाही. "नुसतं या म्हणलं तर येत न्हाईत हो पोरं. लाजतात. पार्ट कमी पडला की भांडायला तरी येतात." मग खिशातली तार चाचपत, "मलाबी बरं वाटतंय."

डब्यात टाकायला उचललेला रेझिस्टर मी परत बरणीत टाकला आणि पुढचा डबा बंद केला.