सगळी हिरवी वायर

दाक्षायणीच्या भावानं नातेपुत्याहून विजेची इस्त्री पाठवली आणि तिच्या नवऱ्याच्या, अण्णारावांच्या डोक्यात नवा बोर्ड शिरला. भवानी पेठेतल्या त्यांच्या घरात एक दिवा आणि एक पंखा, एवढीच काय ती वीज. इस्त्रीसाठी तीन पिनांचा प्लग हवा होता. वायरमन चनबसप्पा म्हणाले होते, "रविवारी दुपारी येतो की." पण अण्णारावांना दम कुठला! (कचेरीत सतरा वर्षं फायली बांधणाऱ्या माणसाला चार वायरी बांधता येऊ नयेत?)

शनिवारी ते दुकानात गेले. भिंतभर टांगलेली वायरींची भेंडोळी बघून त्यांना देवळात शिरल्यासारखं वाटलं. चप्पल काढू की नको, असा क्षणभर विचारही केला.

"तीन-बावीस देऊ का सात-वीस?" दुकानदारानं वायरीची जाडी विचारली.

अण्णारावांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "छे हो! इतका वेळ कोण थांबतंय? आत्ताच द्या."

दुकानदारानं त्यांच्याकडं एकदा नीट बघितलं आणि हाताला आलं ते बारीक वायरीचं भेंडोळं काढलं. "लाल, काळी, का हिरवी?"

"घराला हिरवा रंग दिलाय. सगळी हिरवीच द्या. शोभली पाहिजे की!"

रविवारी सकाळी मेन स्वीच बंद करून (एवढी अक्कल शिल्लक होती) ते स्टुलावर चढले ते जेवायच्या वेळी उतरले. मेन वर केला, बटण दाबलं आणि दिवा लागला. शेजारच्या सुंदरम्मांनी हातच जोडले. खरं तर सगळ्यांत जास्त थक्क अण्णाराव स्वतःच झाले होते.

तेवढ्यात चनबसप्पा दारात उभे. बोर्ड बघून त्यांच्या हातातली पिशवी हळूच खाली गेली.

"तीस वर्षं झाली मला या कामात," ते म्हणाले, "पर असलं काम कुटं बघितलं न्हाय."

"उगीच आपलं, जमेल तसं," अण्णाराव लाजले. "चहा घ्या की."

"अहो, इस्त्री तापतच न्हाय की!" म्हणत दाक्षायणीनं बोट पाण्यात बुडवून इस्त्रीकडं नेलं.

"हात मागं घ्या!"

त्या आवाजानं दाक्षायणीचं बोट हवेतच थांबलं. चनबसप्पांनी टेस्टर काढून इस्त्रीच्या चकचकीत तळाला टेकवला. टेस्टरच्या पोटातला इवलासा दिवा लागला. इस्त्रीच्या अंगभर वीज खेळत होती.

"लाल वायरीतनं वीज येती, काळीतनं परत जाती," बटण आणि मेन बंद करत चनबसप्पा म्हणाले. "हिरवी मातीत जाती, मालक. म्हणून माणूस मातीत जात न्हाय. तुमी सगळीच हिरवी लावली, आन् मातीच्या जागी वीज जोडली."

मग त्यांनी पिशवीतनं जाड वायर काढली. त्यांची बोटं लाल, काळी, हिरवी वायर सरसर जागेवर बसवत होती. अण्णाराव स्टूल धरून तोंड उघडं टाकून बघत राहिले. असला माणूस आपल्याच पेठेत राहतो आणि आपण त्याला नुसतं 'वायरमन' म्हणतो! सुंदरम्मांनी परत हात जोडले, या खेपेला योग्य माणसाला.

"आता मेन तुमीच वर करा," चनबसप्पा म्हणाले.

अण्णारावांनी डोळे मिटून दांडा वर केला. डोळे उघडले. दिवा लागला नव्हता.

त्यांच्या तोंडावर तेज आलं. "बघा! चनबसप्पा, तुमचं पण चुकतं की हो!"

"अहो," दाक्षायणी म्हणाली, "बटण कोण दाबणार?"