प्रतिक्रियेशेजारची शेळी

विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर तीन ओळी लिहिल्या आणि हाताचा खडू झटकला.

"एक, आपला फोटो निवडा. दोन, त्याला 'फोटो' असं नाव द्या. तीन, विकीवर चढवा. मधेच संगणकानं काही विचारलं तर 'हो' म्हणा. घाबरू नका, तो चावत नाही."

विकी म्हणजे सगळ्या वर्गानं मिळून लिहायची वही, फक्त संगणकावरची. कोणी बेडकावर पान लिही, कोणी गंजावर. बाकीचे खाली प्रतिक्रिया देत. पण प्रतिक्रियेशेजारी लिहिणाऱ्याचा नुसता हजेरीपटावरचा आकडा दिसे. 'सतरा म्हणतो, बेडूक तोंडानं पाणी पीत नाही.' 'एकतीस म्हणते, मग बिचाऱ्याला तहान लागली की?' जणू कैदीच गप्पा मारतायत! म्हणून बाईंनी आकडे काढून तिथं फोटो दिसायची सोय केली होती. ती त्यांनी रविवारभर मान मोडून केली होती, हे वेगळं सांगायला नको.

घाईला कारण होतं. बारा वाजता संस्थेचे अध्यक्ष येणार होते. हेडसरांनी बजावलं होतं, "त्यांना तुमची ही विकी पटली तर ठीक. नाहीतर सोमवारपासून संगणकाचा तास गणिताला." आठवड्यातला हा एकुलता एक तास बाईंनी दोन वर्षं हेडसरांच्या मागे लागून मिळवला होता.

बाईंच्या वर्गात सगळं सारखं असे. सगळ्या वह्यांना तपकिरी कव्हर, सगळ्यांचा समास दोन बोटं. त्यामुळे अडतीस मुलांनी अडतीस फोटोंना इमानेइतबारे 'फोटो' हेच नाव दिलं. संगणकानं प्रत्येकाला विचारलं, 'या नावाचा फोटो आधीच आहे. तो काढून हा ठेवू?' प्रत्येकानं आज्ञाधारकपणे 'हो' म्हटलं. एरवी 'उजवीकडे वळा' म्हटलं की निम्मे डावीकडे वळणारा वर्ग तो. पण आज अगदी सुतासारखा सरळ!

साडेअकराला हेडसर दारात आले. चेहरा लालबुंद.

"बाई, पचनसंस्थेच्या पानावर मी लिहिलंय, 'घास बत्तीस वेळा चावावा.' लिहिलंय ना?"

"हो सर. फार उपयुक्त आहे."

"मग त्याच्याशेजारी शेळी का आहे?"

बाईंनी पडद्यावर पाहिलं. शेळी होती. शिवाय ती चावतही होती.

"ही कोणाची?" बाईंनी वर्गाला विचारलं.

शेवटच्या बाकावरचा एक हात वर गेला. "माझी, बाई. माझा फोटो सारखा हलत होता. ती शांत बसली."

"थांबा सर, मी आधी माझा फोटो घालून बघते," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आपला फोटो चढवला. नाव अर्थात 'फोटो'. शेळी गेली. हेडसरांच्या शेऱ्याशेजारी आता बाई मंद हसत होत्या.

"अहो, हे काय!" हेडसर दचकले. "घरी आमची ही वाचते हे सगळं! त्यापेक्षा शेळी बरी होती!"

"रागावू नका सर. तुमचाच घालते." बाईंनी हेडसरांचा कोटातला फोटो चढवला. शेऱ्याशेजारी खुद्द हेडसर आले. त्यांनी तीन-तीनदा खात्री केली, कोट झटकला आणि ते अध्यक्षांना आणायला खाली गेले.

बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात पहिल्या बाकावरची प्रश्नावली हळूच म्हणाली, "बाई..." अखंड प्रश्न विचारते म्हणून वर्गानंच तिला हे नाव ठेवलं होतं. "बाई, बेडकाच्या पानावरही हेडसर आहेत. गंजाच्याही. सगळीकडे हेडसरच आहेत."

बाईंनी एकेक पान उघडलं आणि त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अगं बाई गं! म्हणजे एकाच खुंटीवर सगळ्यांनी टोपी टांगली! नवी आली की जुनी खाली!"

"मग अडतीस खुंट्या करू या?"

"करू या. पण..." जिन्यावर पावलं वाजली.

अध्यक्ष संगणकासमोर बसले, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचू लागले. शेजारी पडद्यावर प्रत्येक ओळीला हेडसरांचा तोच गंभीर चेहरा.

"'बेडूक दिसला की मी बाकावर चढतो.' हं. 'मला सातचा पाढा येत नाही, मी नुसते ओठ हलवतो.' 'गंज म्हणजे लोखंडाला झालेली सर्दी का?'" ते थबकले. "'हेडसर उगाच ओरडतात. आतून बरे असतील.'"

अध्यक्षांनी चष्मा काढून हेडसरांकडे पाहिलं. "हे सगळं तुम्ही लिहिलंत?"

हेडसरांनी तोंड उघडलं.

"साहेब, त्याचं असं झालं..." बाई पुढे सरसावल्या.

"थांबा बाई. इतकी वर्षं संस्था चालवतोय," अध्यक्ष डोळे पुसत म्हणाले, "पण आपल्याला काय येत नाही, हे पोरांसमोर कबूल करणारा मुख्याध्यापक मी आज पहिल्यांदा पाहिला."

हेडसरांनी उघडलेलं तोंड मिटलं. कोटाची कॉलर सारखी केली. "प्रयत्न असतो, साहेब," ते नम्रपणे म्हणाले.

"हा तास बंद करायचा म्हणत होतात? छे! दोन करा. आणि शिकायची एवढी ओढ असलेल्या माणसाला बाहेर ठेवणं बरं नाही. दोन्ही तासांना तुम्हीही बसा. मी महिन्यानं प्रगती बघायला येतो."

दुपारी बाईंनी प्रत्येकाला आपला फोटो वेगळ्या नावानं पुन्हा चढवायला लावला. मग त्या हेडसरांच्या खोलीत गेल्या. "सर, साहेबांना खरं काय ते कळवून टाकू का?"

हेडसरांनी खिडकीबाहेर पाहिलं. "नको," ते म्हणाले. "त्यांचं मन मोडेल."

सोमवारी घंटा झाली. हेडसर नवीकोरी वही घेऊन वर्गात आले, बाकात कसेबसे गुडघे कोंबले आणि इकडेतिकडे पाहून दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, मी मागे खिडकीशी बसू का?"

"नाही," बाई मायेनं म्हणाल्या. "तिथं तुमचं लक्ष लागणार नाही. पुढे या."