बैलालाही शाबास

आमच्या कापसाच्या जिनिंगात निवृत्ती मुकादम बैलालाही शाबास म्हणायचा. थट्टा नाही. संध्याकाळचा भोंगा झाला की हा फाटकात उभा. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला कपाळाला हात लावून सलाम, तोही नावानिशी. "गंगूबाय, रुईत आज कचऱ्याचा कण न्हाई, शाबास!" "हुसेनचाचा, बायलरला मानलं बरं का!" मग झरी गावाहून कापूस घेऊन आलेल्या गाडीच्या बैलांच्या पाठीवर थाप. तोवर मागे आम्ही पन्नास-साठ माणसं ताटकळत. भुकेल्या पोटी असली आरती कोणाला सोसते?

परभणी स्टेशनाच्या मागे हा कारखाना. दिवस निजामीचे. मी काट्यावरचा कारकून, आलेला कापूस तोलून घेणारा, उर्दू मिडल पास. म्हणजे आमचं डोकं ठिकाणावर. निवृत्तीचं कुठं होतं, देव जाणे. रुई दाबून गाठी बांधून घ्यायचं त्याचं काम. ते करायचा चोख, पण कोणी नुसतं "आज गाठ झकास बसली" म्हणायचा अवकाश, की हा सुरू, "आपोआप बसली का? रेच्यावर सरकी कोनी काढली? पानी कोनी भरलं? पट्ट्या कोनी आवळल्या?" अरे, आम्ही कापूस दाबायला जमलो होतो, बारशाला नाही!

एकदा डब्यातली भाकरी बरी आहे, असं मी म्हणालो. तर म्हणे, "आपोआप थापली का? वैनींना सांगितलं का?" मी म्हटलं, तुझ्या बापाचं काय जातं? बायकोला शाबास म्हणायची आमच्या घरात रीत नव्हती.

आणि एक दिवस मुंबईच्या गिरणीतून शेटजींना पत्र आलं. तुमच्या गाठी फोडल्या की आत कागद निघतात, हे थांबलं नाही तर तुमचा माल घेणं बंद. सोबत एक चिठ्ठी होती, नुसते कावळ्याचे पाय उमटलेले. शेटजींनी मला बोलावून विचारलं, "कोणाचं अक्षर?" मी एका दमात नाव सांगितलं. खोटं कशाला बोलू, आनंदाने सांगितलं.

शेटजींनी सगळ्यांना गाठी दाबायच्या प्रेसपुढे उभं केलं. "निवृत्ती, हा काय प्रकार?"

"मालक, गाठीवर कारखान्याचा शिक्का जातोय. बांधली कोनी, ते कुनालाच कळत न्हाई. म्हनून समद्यांची नावं लिहून आत टाकायलोय."

"कधीपासून?"

"तीन हंगाम झाले की."

शेटजींनी कपाळावर हात मारला. "वाचा हो बाबू. ऐकू द्या सगळ्यांना याचे प्रताप."

मी घसा साफ केला आणि मुद्दाम नाटकी आवाजात वाचू लागलो. "रेच्यावर गंगूबाय, शेवंता. बायलरवर हुसेनचाचा. पट्ट्या किसन, रामा. गाडीला ढवळ्या आन् पवळ्या." हशा पिकला. मीही पोट धरून हसलो. शेवटच्या ओळीवर आलो आणि नाटक विसरून साधंच वाचलं.

"काट्यावर भालचंद्रबाबू. मानूस तापट हाय, पन तोलात कुनाला फसवत न्हाई."

अकरा वर्षं मी त्या काट्यावर बसलो होतो. हे आजवर कोणी म्हणालं नव्हतं. शेटजी नाही, शेतकरी नाही, माझा बापसुद्धा नाही.

"यात तुझं नाव कुठंय?" शेटजींनी विचारलं.

"माझं कशाला, मालक? ऐकून खूश होनारी माझी बायकू रेच्यावर होती, ती गेली."

शेटजींनी चिठ्ठी घडी करून खिशात घातली. पण मुंबईचं गिऱ्हाईक सोडणं त्यांना परवडणारं नव्हतं. निवृत्तीला त्याच दिवशी काढलं.

संध्याकाळी भोंगा झाला. निवृत्ती फाटकात उभा होता, काखेत घोंगडी. सगळ्यांना सलाम, नावानिशी, रोजच्यासारखा. मी मान खाली घालून सटकायला बघत होतो.

"बाबू," त्याने कपाळाला हात लावला, "चिठ्ठी लय चोख वाचली. माझं अक्षर मला सुद्दा लागत न्हाई. शाबास!"

मग बैलांना थोपटून तो सगळ्यांच्या मागून एकटाच गेला. त्याला शाबास म्हणायचं आम्हा साठ जणांत कोणालाच सुचलं नाही. मला सुचलं होतं. जीभ उचलली नाही.