आसनस्थैर्याबद्दल ढाल

जुलैतल्या एका रविवारी, बेसबॉलचा सामना ऐन रंगात असताना, लायल हॅग्स्ट्रॉम हा इसम आपल्या जागी बसून राहिला. एवढाच त्याचा गुन्हा. पण तो त्याने भरलेल्या स्टेडियमदेखत केला, त्यामुळे नाही म्हणायला जागा राहिली नाही.

घडलं ते नियमाला धरूनच होतं. ब्रँटली हॅमर्सच्या पिचरने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याने, ॲशफर्ड ऑटर्सच्या फलंदाजाच्या बरगडीत चेंडू घातला. घालणं भागच होतं, कारण या फलंदाजाने मागच्या महिन्यात कुंपणापार होमरन मारल्यावर धावायला लागण्याआधी आपलाच चेंडू कौतुकाने बघितला होता. असं बघण्याला शिक्षा बरगडीत चेंडू. आणि बरगडीत चेंडू घातला की दोन्ही संघांनी मैदानात धावून येऊन एकमेकांच्या गळपट्ट्या धरायच्या. यातलं काहीही कुठे लिहिलेलं नाही, म्हणून सगळे ते काटेकोर पाळतात. जागा सोडून भांडणात पडणाऱ्याला दंड होईल, हे मात्र लीगच्या पुस्तकात छापलेलं आहे. ते कोणी वाचत नाही.

लायल हॅमर्सचा राखीव पिचर. राखीव पिचर बसतात ते बुलपेन मैदानाच्या पार टोकाला, कुंपणामागे. दोन्ही संघांची बुलपेनं शेजारी-शेजारी, मध्ये फक्त तारेची जाळी. भांडण पेटलं की या मंडळींनी अख्खं मैदान तुडवत जायचं. पोहोचेपर्यंत भांडण विझलेलं असतं. मग धापा टाकत जो हाताला लागेल त्याचा शर्ट जरा वेळ धरायचा, आणि बायकापोरांची चौकशी करत बरोबरच परतायचं. लायलने हे कर्तव्य वर्षानुवर्षं इमानेइतबारे बजावलं होतं. पण यंदा डॉक्टरांनी बजावलं होतं, की गुडघ्यात आता फार राम उरलेला नाही. पिचिंग करा नाहीतर धावाधाव करा. पुढच्या वर्षी त्याला संघात ठेवायचं की नाही, हे ठरायचं होतं. लायलला दुसरं काही येत नव्हतं, आणि पिचिंगवर त्याचा जीव होता. तो बसून राहिला.

जाळीपलीकडे ऑटर्सचा अनिबाल केसादा, हाही जुनाच गडी, तसाच बसला होता.

"जात नाहीस का रे?"

"गुडघा. तू?"

"कंबर. घे, सूर्यफुलाच्या बिया घे."

बिया जाळीतून इकडे आल्या. टीव्हीच्या कॅमेऱ्याने सगळ्या धुमश्चक्रीतून नेमकं तेवढंच टिपलं.

पुढे शेवटच्या डावात लायलला बोलावलं. तो सावकाश चालत गेला, ओळीने तीन फलंदाज गारद केले आणि सामना जिंकून दिला. त्याच्याशी कोणी हात मिळवला नाही.

कपडे बदलायच्या खोलीत खेळाडूंचं न्यायालय बसलं. न्यायाधीश संघाचा कॅचर ब्रॉडी स्टॅकहाउस. अंगावर आंघोळीचा टॉवेल, डोक्यावर फरशी पुसायचा मॉप. पण चेहरा असा गंभीर, की हसायची कोणाची छाती होईना.

"आरोपी, तुझे भाऊ तिकडे मार खात होते, तेव्हा तू काय खात होतास?"

"बिया."

"कोणाच्या?"

लायलने मान खाली घातली. "ऑटर्सच्या."

एका नवख्या खेळाडूच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अरे, पण सामना मी जिंकून दिला ना?" लायल म्हणाला.

"विषय भरकटवू नकोस," न्यायाधीश म्हणाले.

एवढ्यावर निभावलं असतं. पण लीगच्या शिस्तपालन विभागाला स्थापनेपासून प्रथमच नियम पाळणारी माणसं सापडली होती. विभाग भांबावून गेला, मग आनंदला. 'अनुकरणीय आसनस्थैर्याबद्दल' दोघांना ढाली देण्याचं ठरलं. दुसऱ्याच दिवशी, सामन्याआधी, त्याच मैदानावर, हस्तांदोलनासह.

मॅनेजर ड्युई मॅकार्डलने लायलला बाजूला घेतलं.

"आज ढाल घेताना त्याला एक ठेवून दे."

"बॉस, मित्र आहे माझा. काल तर काही झालंही नाही आमच्यात."

"तेच तर लोकांना खुपतंय. हे बघ लायल, तुझा हात अजून चांगला आहे, मला दिसतं. पण लोक विचारतात, याच्यात धग आहे का? आज मारलंस तर पुढच्या वर्षी आहेस. नाहीतर घरी बसून खा बिया."

ढाली दिल्या गेल्या. स्टेडियम एका सुरात हुर्यो उडवत होतं. फोटोसाठी हात हातात घेऊन दोघं हसत उभे राहिले.

"अनिबाल, मला तुला मारायला सांगितलंय."

"मलापण. तू मार आधी, मी खाली पडतो. कंबर जपून हं."

लायलने कुरवाळल्यासारखा हलकेच हात उचलला. गालावर माशी बसली असती तर तीही उठली नसती. तरी अनिबाल झाड कोसळावं तसा कोसळला. पुढच्या क्षणी दोन्ही संघ आले, दोन्ही बुलपेनं आली, आणि ढिगाऱ्याच्या तळाशी कोणाचा तरी खिळ्यांचा बूट लायलच्या गुडघ्यावर पूर्ण वजनानिशी पडला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. म्हातारे एकमेकांना मिठ्या मारत होते.

संध्याकाळी मॅकार्डल पुढच्या वर्षाचा करार आणि पेन घेऊन इस्पितळात आला.

"बॉस, डॉक्टर म्हणतात आता पिचिंग विसरा."

"अरे, पिचिंग करणारे पैशाला पासरी मिळतात. मनापासून खेळणारा मिळत नाही. कर सही."

लायलने सही केली. मग छताकडे बघत त्याने विचारलं, "आजच्या सामन्याचं काय झालं?"

"कुठल्या?"

"भांडणानंतर झाला असेल ना? नऊ डावांचा?"

मॅकार्डलने आठवून पाहिलं. नर्सला विचारलं, ती भांडण पाहून उठली होती. शेजारच्या खाटेवरचा पेशंट म्हणाला, झाला वाटतं काहीतरी. बातम्यांत ती ठोसा-दृश्यं पुन्हा पुन्हा लागत होती, खाली निकाल येईना. लायल तोंड भिंतीकडे करून रडला, आणि ते गुडघ्याचं दुखणं असेल म्हणून नर्सने इंजेक्शन दिलं.

सामना झाला होता, पूर्ण झाला होता, आणि म्हणे फार चुरशीचा झाला. कोण जिंकलं? राहू द्या. तो विचारेपर्यंत तुम्हालाही कुठे आठवण झाली होती?