दारीं घेतलेल्या एका नांवाची हकीकत

श्री नाद प्रसन्न. जो ढोलांत घुमतो, तारेंत थरथरतो आणि ऐकणाराचे छातींत ठोका देतो, त्यास दंडवत घालोन लेखनास आरंभ केला. शके एकोणीसशें सतरा, युवानाम संवत्सर, कार्तिक मास, ते समयीं जपान देशीं समुद्रकांठचे एका नगरीं एक दौलत उभी राहिली, तिचें वर्तमान. साहेबीं पुसिलें कीं, 'तीन माणसांचें राज्य, ना किल्ला ना घोडा, रॉक म्हणोन जें दणदणाटी संगीत त्याचे बळावर इतकीं वर्षें कैसें टिकलें, तें साद्यंत लिहिणें.' आज्ञेप्रमाणें लिहितों. दौलतीचें नांव मात्र लिहीत नाहीं, त्याचें कारण शेवटीं निवेदन करूं.

दौलतीचे धनी तीन. रिंतारोजी गात आणि गिटार वाजवीत. गळा मोठा, राग त्याहून मोठा, पोट बहुधा रिकामें. हिसाएबाई जाड तारांची खर्जाची गिटार बाळगीत. बोलणें थोडें, परंतु बोलल्या म्हणजे तुकडा पाडीत. आणि ढोल-झांजांचे सरदार गोंपेइजी, हे लांकडी पिंपें करणाराचे पुत्र. पिंपें ठोकून ठोकून हात तयार जाहला, तोच ढोलावर चालविला. तेव्हां बापानें निरोप धाडिला कीं, 'पिंपांत निदान लोणचें तरी राहतें, तुझ्या ढोलांत काय राहतें?' मग गोंपेइजींनीं मनीं निश्चय केला कीं, येत्या शनिवारीं आपले नांवें एकही माणूस न आला तर ढोल विकून पिंपांकडे जावें. आणि गोंपेइजी गेले म्हणजे दौलत बुडाली, कारण ढोलावांचून रिंतारोजींचें गाणें म्हणजे शेजाऱ्यांचें भांडण.

त्या मुलुखीं चाल ऐशी कीं, एका तळघरांत एके सांजेस चार पांच फौजांनीं, म्हणजे वादकांचे ताफ्यांनीं, आळीपाळीनें वाजवावें आणि दारीं बसलेल्या कारभारणीनें येणारास पुसावें, 'आज कोणासाठीं येणें केलें?' येणारानें ज्या फौजेचें नांव घ्यावें, तिचे खालीं पाटीवर खडूची रेघ ओढावी. ओकानोबाई म्हणोन कारभारीण होत्या, त्या मान वर न करितां पुसत आणि रेघ ओढीत. त्या शनिवारीं गोंपेइजी दाराशीं उभे राहिले आणि येणारास कमरेंत वांकोन आपले फौजेचा कागद देऊं लागले. लोक कागद घेत, गोड हंसत, आणि ओकानोबाईंपुढें दुसऱ्याचेंच नांव घेत. ऐसें जाहलें म्हणजे गोंपेइजी आणखी वांकत. मग वाद्यें वाजलीं, लोक पांगले आणि पाटी पाहिली तों यांचे खालीं एक रेघ! गोंपेइजींनीं ओकानोबाईंस पुसिलें, 'हा पुण्यवान कोण?' त्या म्हणाल्या, 'स्टेशनाजवळ माशांच्या वड्या तळून विकते ना, ती मात्सुए.' गोंपेइजी तेथेंच जिन्यावर बसोन रडले. बापास निरोप धाडिला कीं, 'एक माणूस आमचेच साठीं आला. आतां येणें होत नाहीं.'

यावरी दौलतीचा उत्कर्ष जाहला. आज हें नगर, उद्यां तें, ऐशा मोहिमा चालल्या आणि तळघरांतोन दिवाणखाने, दिवाणखान्यांतोन मैदानें सर जाहलीं. समुद्रापार स्वारी नेली तेव्हां एक गंमत घडली. स्वदेशीं लोक दोन गाण्यांमध्यें चूप राहोन मान देतात. परमुलुखीं पहिले गाण्यासच लोकांनीं एकच आरोळी ठोकिली. गोंपेइजींस वाटलें, लोक खवळले, आतां जोडे येतील. मग उठोन क्षमा मागावी म्हणोन वांकले, तों आरोळी दुप्पट. हे आणखी वांकले, ती चौपट. अखेर हिसाएबाईंनीं मानगूट धरोन खालीं बसविलें आणि म्हणाल्या, 'अहो, आवडलें त्यांना! वाजवा!' बखरकारानेंही यांचा पराक्रम एक वेळ पुढें उभा राहोन ऐकिला, पुढें तीन दिवस कानांत शिटी वाजत होती, परंतु तक्रार नाहीं. मात्सुएबाई जमेल तितके वेळां येत आणि गोंपेइजी दर नववर्षीं आपले हातीं पिंप करोन, लोणच्यानें भरोन, त्यांजकडे पाठवीत. कृतज्ञ मनुष्याचें हें लक्षण होय.

मग दौलतीस दृष्ट लागली. रिंतारोजी म्हणों लागले, 'लोक माझ्या गळ्यासाठीं येतात, मी एकटा गाईन.' हिसाएबाई म्हणाल्या, 'गा. आम्हांलाही थोडी शांतता मिळेल.' बोलणें तुटलें, फौज मोडावी ऐसें ठरलें आणि उद्यां जाहीर करावयाचें. तेव्हां गोंपेइजी हात जोडोन बोलिले, 'मोडा. परंतु जिच्यामुळें उभे राहिलों, तिला आधीं सांगून, नमस्कार करून या.' यास दोघांसही नाहीं म्हणवेना. तिघे स्टेशनाजवळील दुकानीं गेले, हकीकत सांगितली आणि वड्यांचे कढईपुढें गुडघे टेकिले.

मात्सुएबाईंचे हातींचा झारा पडला. म्हणाल्या, 'उठा रे, उठा! पाया पडूं नका, मला पाप लागेल. त्या दिवशीं मी तुमच्यासाठीं आलेंच नव्हतें.'

रिंतारोजींनीं पुसिलें, 'मग आमचें नांव कां घेतलेंत?'

'हा दारांत उभा होता ना! थंडीनें कान लाल. जो तो दुसऱ्याचें नांव घेई आणि हा आणखी वांके. मीही त्याच्यासमोर आणखी एक परकें नांव घेतलें असतें, तर हा सरळच झाला नसता. मला राहवेना. खरें तर आलें होतें माझ्या भाच्यासाठीं, तोकुमासाठीं. त्याचीही फौज त्या दिवशीं होती. त्याच्याखालीं एकही रेघ पडली नाहीं. मावशीनें दुसऱ्याचें नांव घेतलें हें त्याला कळलें, तेव्हांपासून माझ्या हातची वडी खाल्ली नाहीं त्यानें. दर वर्षीं तुमचें पिंप येतें आणि मला तोंड लपवावेंसें वाटतें. पुढें मात्र तुमच्याचसाठीं येत होतें हो, तें खोटें नाहीं.'

गोंपेइजींचा चेहरा उतरला. हिसाएबाईंनीं पुसिलें, 'तोकुमाजी आतां काय करतात?'

'वाजवतो. त्याच तळघरांत, महिन्याचे शेवटचे शनिवारीं. ऐकायला कुत्रें नसतें.'

तेव्हां हिसाएबाई रिंतारोजींकडे वळोन बोलिल्या, 'आम्हांला एक रेघ मिळाली म्हणून टिकलों. त्याला एकही मिळाली नाहीं, तरी तो टिकला.' रिंतारोजींनीं पुसिलें, 'शेवटचा शनिवार कधीं?' इतके वर्षांत त्यांनीं प्रथमच दुसऱ्याचे गाण्याची चौकशी केली, ही ईश्वरी कृपा.

उद्यांचें जाहीर करणें राहिलें. महिन्याचे शेवटचे शनिवारीं तिघे जण त्या तळघराचे दारीं रांगेंत उभे राहिले, मागें मात्सुएबाई. तोकुमाजी केस पिकले तरी दाराशीं वांकोन कागद देत होते. ओकानोबाई म्हाताऱ्या जाहल्या होत्या, त्यांनीं मान वर न करितां पुसिलें, 'आज कोणासाठीं येणें केलें?' रिंतारोजींनीं तोकुमाजींचे फौजेचें नांव घेतलें. ज्या गळ्यानें मैदानें हालविलीं, त्याच गळ्यानें. हिसाएबाईंनीं तेंच घेतलें. गोंपेइजींनीं घेतलें आणि रडूं आवरलें नाहीं. ओकानोबाईंनीं रेघा ओढिल्या, आणि मग मान वर केली. मात्सुएबाईंची पाळी आली. त्या म्हणाल्या, 'माझ्या भाच्यासाठीं आलें. तेव्हांही त्याच्यासाठींच आलें होतें.'

तोकुमाजी सरळ उभे राहिले. हातांतील कागद नीट केले. मग बोलिले, 'मावशी, वड्या आणल्यास का?'

येणेंप्रमाणें एका नांवाचें ऋण फिटलें आणि दौलत न मोडतां चालती जाहली. अद्यापि चालत आहे, तिचे आम्हां ऐकणारांवर बहुत उपकार आहेत. नांव कां लिहिलें नाहीं, तर तें कागदीं वाचोन उपयोग नाहीं. ज्यास आगत्य असेल त्यानें दारीं जावें, पुसतील तेव्हां स्वमुखें घ्यावें. लेखनसीमा.